चार वर्षांच्या लेकराला नेतृत्वाचा क्लास लावायचा का?

गोदाकाठ (नांदेड)
लेक सव्वाचार वर्षांची. बालवाडीत उन्हाळ्याचा 'आत्मविश्वास व नेतृत्व' वर्ग निघालाय. पाठ केलेलं भाषण माईकवर म्हणायचं. मला पटत नाही. घरी ती पाटांची एसटी करते, ताटली हे स्टेअरिंग. परवा कंडक्टर व्हायला ती तयार नाही आणि चुलतभाऊही नाही, खेळ मोडला. मग तिनंच तोड काढली, "लोह्यापर्यंत तू ड्रायव्हर, पुढं लातूरपर्यंत मी." नेतृत्व याहून वेगळं काय असतं?

बालाघाट (लातूर)
मी कॉलेजात शिकवतो. खेड्यातली हुशार पोरं येतात, गणित पक्कं, पण शंका विचारायला हात वर होत नाही. चारचौघांत बोलायची सवय लहानपणीच लागायला हवी. आणि त्या एसटीत रोज ड्रायव्हर कोण होतं, ते बघा. जे धीट, तेच. माझा मुलगा कायम प्रवासीच राहिला. तुमची लेक धीट आहे, म्हणून तुम्हाला क्लासची गरज वाटत नाही.

अंगणवाडीची ताई (बीड)
सर, पाठ केलेल्या भाषणात बोलणं दुसऱ्याचं असतं, लेकराचा फक्त आवाज. काठीला घोडा म्हणताना मात्र सगळं त्याचं स्वतःचं असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी १९३३ मध्येच मांडलं होतं की अशा खेळात मूल वस्तू आणि अर्थ वेगळे करायला शिकतं, आणि भूमिकेचा नियम पाळायला स्वतःला आवरतं. मी रोज बघते. एरवी दोन मिनिटं न बसणारं पोर प्रवासी झालं की स्टॉप येईपर्यंत हलत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळावरच उभा केलाय.

पण तुमच्या मुलाचं वाचून जीव कळवळला. माझ्याकडंही एक असाच गप्प होता. एक दिवस मीच काखेत बाहुली घेऊन त्याच्याजवळ गेले, "भाऊ, बाळाला ताप हाय, दवाखान्यापाशी गाडी थांबल का?" त्यानं ड्रायव्हरला ओरडून गाडी थांबवली. भाषण करायला सांगितलं असतं तर रडला असता.

बालाघाट
हे तुमच्यासारख्या ताईच्या हातात जमतं. प्रत्येक बालवाडीत जमेल? क्लासात निदान सगळ्यांची पाळी येते.

चिपाड (परभणी)
आमच्या वाड्यात भाकरी थापणं पोरींकडं, चिपाडाची बैलगाडी पोरांकडं. बाभळीचे काटे टोचून गाडी जोडायला मी चोरून शिकले. मोठ्यांच्या घरात जे चालतं तेच खेळात उतरतं. म्हणून माझं मत क्लासला नाही, पण "त्यांचं ते खेळतील" म्हणून पाठ फिरवण्यालाही नाही.

गोदाकाठ
क्लास लावत नाही. पण प्रवाशाचा मुद्दा डोक्यातून जाईना, म्हणून आज लेकीला सांगितलं, लातूरपर्यंत भाऊच ड्रायव्हर. आधी रुसली. मग कंडक्टर झाली, आणि दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी हलू दिली नाही.