मदत हवी आहे: लोकरीच्या वाचनखुणांचे मणी गळून पडतात

स्वरा_के
15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, म्हणजे जेमतेम आठवडा उरला. मुलीच्या वर्गाला 40 वाचनखुणा करून द्यायचं कबूल केलंय. तिपेडी वेणी, शेवटी तीन मणी, गाठ. काल रात्री 12 केल्या, सकाळी 5 खुणांचे मणी पिशवीच्या तळाशी! दोन-दोन गाठी मारून पाहिल्या. लवकर सांगा प्लीज.

टाकासाखळी
लोकर कुठली? मण्याचं भोक केवढं? गाठ नक्की किती धाग्यांची?

जुना वाचक
लोकर मुळात नकोच. जाड खुणेने पुस्तकाची शिवण ढिली पडते. मी लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून वापरतो, 30 वर्षं झाली.

टाकासाखळी
काका, ताईंना मुलांसाठी मण्यांच्याच हव्यात.

स्वरा_के
ॲक्रिलिक, बाळाच्या स्वेटरची उरलेली. मणी लाकडी, भोकातून उदबत्ती जाईल एवढे. तिन्ही धागे एकदम ओवता येत नाहीत, म्हणून एकच ओवते नि त्याला गाठ मारते.

मेणबत्ती
सोप्पंय. टोक मेणबत्तीवर धरा, वितळून गोळी होते. मणी हलत नाही.

टाकासाखळी
ॲक्रिलिक वितळतं खरं, पण ती गोळी टोचते, आणि वितळलेला थेंब बोटाला चिकटला तर कातडी सोलते. मुलांच्या वस्तूत नको.

मेणबत्ती
मी राख्यांना नेहमी करते, कुणाला काही झालं नाही.

टाकासाखळी
ते असू दे. ताई, एका धाग्याची गाठ त्या भोकापेक्षा बारीक, निसटणारच. शिवणाचा दोरा दुमडा, दुमडलेलं टोक मण्यातून बाहेर काढा. त्या फासात तिन्ही धागे अडकवून मागे ओढा, सगळे एकदम मण्यात येतात. मग तिन्हींची मिळून एक गाठ, मण्याला अगदी टेकून. आवळायच्या आधी आत फेविकॉलचा ठिपका, रात्रभर वाळू द्या. मणी पुस्तकाबाहेर लोंबायला हवेत, आत राहिले तर पानांवर खळगे पडतात. डेमी पुस्तक, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं, साडेआठ इंच उंच, म्हणून वेणी 10 इंच ठेवा, धागे 14 इंच कापा. विणताना लांबी आटते.

नीलाक्षी
याच पद्धतीने चष्म्याची दोरी होईल का? सासूबाईंना हवी आहे.

पुणेकरीण
मणी तुळशीबागेत घ्या, बारीक भोकाचे मिळतात. आणि लाल लोकर असेल तर ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघा. माझ्या पुस्तकाच्या दोन पानांवर गुलाबी रेघ उमटली, अजून हळहळते.

स्वरा_के
फासाने ओवले! तीन केल्या, जोरात झटकल्या, एकही मणी सुटला नाही. लाल लोकर आहेच घरात, आत्ता भिजवून बघते. टाकासाखळी, जुन्या 7 टिकल्यात, त्याही उसवू का?

टाकासाखळी
उसवा. मुलांच्या हातात दोन दिवस टिकणार नाहीत.