घरगट दर आठवड्याला भरतो, पण सोमवार ते शनिवारचं काय?

कंदील_वात यांचा प्रश्न:

आमच्या मंडळीचा (चर्चचा) घरगट आहे, म्हणजे घरी भरणारी छोटी सभा. सोळा माणसं, आठवड्यातून एकदा, दीड तास. गाणी, वचन, प्रार्थना सगळं नीट चालतं. अडचण त्यानंतरची आहे. कुणी आजारी पडलं की पहिले दोन दिवस सगळे धावतात, मग कुणी फिरकत नाही. मदतीचे पैसे कुणी दिले, कुणाला गेले, पत्ता नसतो. प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलेली गोष्ट चार दिवसांत बाहेर फिरत असते. आणि साक्ष (आपल्या विश्वासाची ग्वाही) म्हणजे पुढे उभं राहून बोलणं, अशीच बहुतेकांची समजूत.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये २:४२-४७ मधलं पहिल्या ख्रिस्ती लोकांचं सगळं वाटून घेत एकत्र जगणं नोकरी आणि संसार सांभाळून कसं बसवायचं? उपदेश नको, तो दर रविवारी मिळतो. कुणी काय करायचं, किती करायचं आणि कुठे फसतं ते सांगा.

---

नांगर:

आधी सोळाचे दोन गट करा. आठ ते बारा जणांत प्रत्येकाची बोलायची पाळी येते आणि कुणी आलं नाही तर ते जाणवतं. त्याहून जास्त झाले की तीन-चार जण बोलतात, बाकीचे ऐकून घरी जातात. विभागताना तरुण सगळे इकडे आणि वयस्कर सगळे तिकडे असं करू नका. ज्यांना मदत लागते आणि ज्यांना ती करता येते, असे दोघंही प्रत्येक गटात हवेत.

१७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे बारा-बारा जणांचे वर्ग सुरू झाले ते मुळात सभागृहाचं कर्ज फेडण्यासाठी. माणशी आठवड्याला एक पेनी, आणि ती गोळा करायला दर बारा जणांमागे एक माणूस. तो घरोघरी जाऊ लागल्यावर कुणाच्या घरी भांडणं आहेत, कोण दारूकडे वळलंय हे कळायला लागलं, आणि चळवळीचे प्रमुख जॉन वेस्ली यांनी त्यातूनच सभासदांच्या देखभालीची रीत बसवली. ठरलेला माणूस ठरलेल्या घरी जात राहिला म्हणून ते जमलं. "सगळ्यांनी सगळ्यांची काळजी घ्यावी" असा ठराव केला की ते काम कुणाचंच राहत नाही.

म्हणून एक वही घाला. रकाने पाच: कुणाला, काय हवं, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. शेवटचा रकाना भरायचा राहतो आणि व्यवस्था तिथेच कोसळते, कारण "सांगितलं होतं" आणि "झालं" यांतला फरक मग कुणालाच दिसत नाही. वही दोघांकडे असावी. दर तीन महिन्यांनी त्यातला एक बदला, दोघांना एकदम बदलू नका.

आजारपण किंवा बाळंतपण असेल तर पहिल्या तीन दिवसांत नऊ डबे आणि नंतर शून्य, हे नेहमीचं चित्र. त्यापेक्षा दोन आठवडे एक दिवसाआड एक डबा: सात घरं, प्रत्येकावर एकच पाळी. आधी एकाच माणसाने विचारून घ्यायचं की पथ्य काय, मीठ-साखर चालते का, कशाची अ‍ॅलर्जी, घरात खाणारे किती, किती वाजता आणायचा. सात जणांनी सात वेळा हेच विचारलं तर मदतीचाच जाच होतो. भांडी परत द्यावी लागू नयेत अशी पाठवा. दारात देऊन निघायचं. आग्रहच झाला तर पंधरा मिनिटं बसा. आजारी घराला पाहुणचार करायला लावू नये.

"काही लागलं तर सांगा" हे म्हणणं बंद करा. अडचणीतला माणूस सांगत नाही. "गुरुवारी सकाळी औषधं आणून देऊ, की मुलांना शाळेतून आणू?" असं विचारलं की त्याला दोनांतलं एक निवडायला सोपं जातं.

मृत्यू झालेल्या घराचं वेळापत्रक वेगळं. पहिला आठवडा गर्दी असते. खरा रितेपणा साधारण तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो, नातेवाईक परत गेले की. वहीत तारखा तेव्हाच घालून ठेवा: एक महिना, तीन महिने, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, पहिला नाताळ, वर्षदिवस. त्या दिवशी जाऊन गेलेल्याचं नाव घेऊन बोला. लोक नाव टाळतात, घरच्यांना दुखेल म्हणून. त्यांना तेच ऐकायचं असतं.

---

हिशेबनीस:

पैशाबद्दल लिहितो, कारण गट मोडतात ते बहुधा इथे.

कृत्ये ६ वाचा. तक्रार आली ती ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही, त्या कामावर सात माणसं नेमली. प्रेषित पौल यरुशलेमच्या गरजू ख्रिस्ती लोकांसाठी वर्गणी जमवत होता तेव्हा ती न्यायला मंडळ्यांनी निवडलेले लोक सोबत होते, आणि कारणही तो स्पष्ट देतो: एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये (२ करिंथ ८:१९-२१). प्रेषिताला साक्षीदार लागत असतील तर आपल्यालाही लागतात.

मदतनिधी नेहमीच्या अर्पणापासून वेगळा ठेवा. निर्णय तिघांचा, दोघांची सही असल्याशिवाय पैसे हलणार नाहीत. ते दोघे नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ नसावेत. तिघांपैकी कुणाच्या नातेवाइकाला मदत हवी असेल तर त्याने त्या निर्णयातून बाहेर बसायचं. एका घराला एका वेळी जास्तीत जास्त किती द्यायचं ते गरज यायच्या आधी ठरवून लिहून ठेवा. समोर रडणारं माणूस असताना मर्यादा ठरवता येत नाही. शक्य तिथे बिल थेट रुग्णालयाला किंवा शाळेला भरा. महिन्याच्या शेवटी गटात तीन आकडे वाचायचे: जमा, खर्च, शिल्लक. कुणाला दिलं ते वाचायचं नाही. ते फक्त त्या तिघांच्या नोंदीत.

जमा करण्याबद्दल १ करिंथ १६:२ पुरेसं आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवावं. म्हणजे नियमित, थोडं, ऐपतीनुसार. अडचण आल्यावर भावनिक आवाहन करून जमवलेले पैसे ज्याचं दुःख चांगलं सांगता येतं त्यालाच मिळतात. मुकाट सोसणारा राहून जातो.

गटातल्या गटात उसनवारी नको. घेणारा पैसे फेडू शकला नाही की सभेला यायचंच थांबवतो. पैसेही जातात आणि माणूसही. द्यायचे तर परत येणार नाहीत असं धरून द्या (लूक ६:३५), आणि न झेपणारी रक्कम असेल तर तोंडावर नाही म्हणा. जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रे ६:१-५ फार कडक बोलतं. "बंधू आहे म्हणून सही केली" हे वाक्य उच्चारण्याआधी ते पाच चरण वाचावेत.

आणखी एक. मदतीच्या बदल्यात सभेला येण्याची अट घालू नका, सुचवूही नका. सम्राट ज्युलियन (राज्यकाळ ३६१-३६३) ख्रिस्ती लोकांचा विरोधक होता, तरी एका पत्रात तो चिडून लिहितो की हे लोक फक्त त्यांच्याच गरिबांना नाही, तर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेली ही पावती अट घालून मिळत नाही.

---

मीठ_चिमूटभर:

वरच्या दोघांचं पटतं, पण त्यात एक धोका दिसतो. वही, समिती, सह्या इतकं झालं की गटाला वाटतं आपण ख्रिस्ती जीवन जगतोय. आणि त्याच गटातला माणूस कामावर दुसऱ्याचं श्रेय घेत असतो.

ज्याच्याबरोबर आपण आठ-नऊ तास काम करतो तो आपली सभा कधीच बघत नाही. त्याला दिसतं ते एवढंच: वेळेवर येतो का, खोटं बिल लावतो का, चूक झाली की कुणाचं नाव पुढे करतो. १ थेस्सल ४:११-१२ मध्ये पौल हेच सांगतो. शांतपणे राहा, आपलं काम करा, स्वतःच्या हातांनी कष्ट करा, म्हणजे बाहेरच्या लोकांत वागणूक नीट राहील. नोकर-मजूर ठेवणाऱ्याने याकोब ५:४ जरूर बघावं. अडकवून ठेवलेली मजुरी देवापर्यंत ओरडते म्हणतो. ज्याच्या घरी काम करणाऱ्या बाईचा पगार दर महिन्याला आठवडाभर उशिरा होतो, त्याने सभेत साक्ष द्यायच्या आधी ती तारीख पाळावी.

कुणाचं नुकसान केलं असेल तर नुसती क्षमा मागणं हा अर्धा भाग झाला. नियमशास्त्रात (गणना ५:७) मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, असा हिशेब आहे. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय तर ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट द्यायला निघाला. आज याचा अर्थ साधा आहे: दुसऱ्याची वस्तू मोडली तर दुरुस्तीचे पैसे द्या आणि त्याचा जो वेळ गेला त्याचीही भरपाई करा. कुणाबद्दल चुकीचं बोललात तर ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच ते परत घ्या.

आणि शब्द कमी द्या. "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" म्हणालात तर तिथेच उभ्या उभ्या दोन वाक्यं करा, नाहीतर म्हणू नका. मत्तय ५:३७ मधलं होय ते होय, नाही ते नाही, इथून सुरू होतं. घरातली मुलं आईवडिलांची प्रार्थना ऐकतात त्यापेक्षा फोनवर "मी घरी नाही म्हणून सांग" हे जास्त नीट ऐकतात.

---

कंदील_वात:

मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. प्रार्थनेचे विषय बाहेर जाणं कसं थांबवायचं? आणि गटातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे माहीत नसल्यासारखे बसतात.

---

पायरी:

ताई असाल की दादा माहीत नाही, पण दोन्ही प्रश्न एकाच मुळाशी जातात.

प्रार्थनेचा विषय हा चहाडीचा सगळ्यात सोवळा वेष आहे. नियम एकच ठेवा: जो सांगतो, तोच तो कुठपर्यंत जावा हे ठरवतो. सांगून झालं की गटप्रमुखाने तिथेच विचारायचं, "हे या खोलीपुरतं, की मंडळीला सांगू, की पाळकांना?" उत्तर मिळालं नाही तर ते खोलीपुरतं. गैरहजर माणसाबद्दलचा विषय दुसऱ्याने मांडायचा नाही, कळवळा कितीही असो. मोबाइलवरच्या गटात आजाराचं नाव, तपासणीचे अहवाल, घरगुती भांडण, पैशाची अडचण यांतलं काही लिहू नका. तिथला मजकूर पुढे पाठवायला एक बोट पुरतं. "एका घरासाठी प्रार्थना करा" एवढं लिहिलं तरी देवाला पत्ता सापडतो.

गुप्ततेला अपवाद आहेत आणि ते पहिल्याच बैठकीत सांगून टाका. लहान मुलाला इजा, लैंगिक छळ, घरातली मारहाण, किंवा कुणी जीव द्यायचं बोलत असेल, तर ते खोलीत राहणार नाही. मुलाची गोष्ट अधिकाऱ्यांकडे जाते. मार खाणाऱ्या बाईला सुरक्षित जागी पोहोचवायचं, आणि पुढचं पाऊल तिला विचारून टाकायचं. जीव द्यायचं बोलणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, लगेच डॉक्टरकडे न्यायचं. मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रार्थना कर" असं सांगणारा गट गुन्ह्यात भागीदार होतो.

आता त्या दोघांचं. मत्तय १८:१५-१७ मध्ये क्रम आहे: आधी एकट्याने एकट्याशी, मग एक-दोन जण बरोबर घेऊन, मग मंडळीसमोर. आपल्याकडे तो नेमका उलटा चालतो. आधी सगळ्यांना कळतं, शेवटी ज्याच्याबद्दल आहे त्याला. तुमच्या बाबतीत दोघांपैकी ज्याच्याशी तुमचं बरं आहे त्याच्याकडे एकटे जा आणि विचारा, "तू त्याच्याशी स्वतः बोललास का?" नसेल तर त्याची बाजू ऐकत बसू नका, त्याला पाठवा. बोलणं समोरासमोर, निरोपाने किंवा मेसेजने नको. एकच प्रसंग, एकच तक्रार, जुनी यादी नाही. ते फसलं तर दोघांनाही चालेल असा एक वडीलधारा माणूस घेऊन बसा. तुमच्या मर्जीतला नको. आणि हा क्रम अत्याचाराच्या प्रकरणात वापरायचा नाही. मार खाल्लेल्याला मारणाऱ्यासमोर एकटं बसवणं हा त्या वचनाचा अर्थ होत नाही.

समेट झाला तरी लगेच पूर्वीसारखा विश्वास बसेल अशी अपेक्षा धरू नका. क्षमा एका बैठकीत होते, विश्वासाला महिने लागतात, आणि पैशाच्या फसवणुकीत तर क्षमा केलेल्या माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली पुन्हा न देणं हेच शहाणपण.

---

नांगर:

पायरी यांच्या अपवादांचा परिच्छेद छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा असा आहे.

गैरहजर लोकांबद्दल एक सांगायचं राहिलं. सन १५५ च्या सुमारास रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहितात की रविवारच्या उपासनेला जे येऊ शकत नव्हते त्यांचा प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षारसाचा) वाटा सेवक घरी नेऊन देत. आपल्याकडे गैरहजर माणूस यादीतून हळूच गळतो. सलग दोन आठवडे कुणी आलं नाही की तिसऱ्याच्या आधी फोन, दर वेळी त्याच माणसाचा, आणि "का आला नाहीत?" असं न विचारता "या आठवड्यात कसं चाललंय?" असं. हजेरी घेतल्यासारखं वाटलं तर माणूस पुढचा फोन उचलत नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या महिन्यात गट विभागा, वही घाला आणि गुप्ततेचा नियम सांगा. निधी तिसऱ्या महिन्यापासून, कारण त्याआधी तिघांवर विश्वास बसायला वेळ लागतो. डब्यांची पाळी गरज येईल तेव्हा. यादी मात्र आत्ताच करून ठेवा, प्रत्येकाला कोणत्या वारी जमतं ते विचारून. ज्याला स्वयंपाक जमत नाही त्याला रुग्णालयात सोबतीला किंवा गाडी घेऊन जायला लिहा. "मला काहीच जमत नाही" म्हणणाऱ्याकडे फोनचं काम द्या.