परदेशातून परतल्यावर सिबिल पुन्हा कसा उभा केलात? अनुभव लिहा

घोडबंदर रोड, ठाणे

अकरा वर्षं न्यू जर्सीत राहून आम्ही दोन वर्षांपूर्वी ठाण्याला परत आलो. कासारवडवलीत घर पसंत केलं, बयाणा दिला, गृहकर्जाचा अर्ज केला. बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. सिबिल स्कोअरच्या, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणाऱ्या आकड्याच्या जागी काहीच नव्हतं, 'एनएच' एवढंच होतं. नो हिस्टरी. "सर, पगार उत्तम आहे तुमचा, पण सिस्टीमला तुम्ही दिसतच नाही."

तिकडे माझा स्कोअर ८५० पैकी ७९० होता. दोन गाड्यांचे हप्ते एकदाही न चुकवता फेडले होते. त्यातलं काहीही इथे पोचत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडे असते ती भारतातल्या बँका आणि फायनान्स कंपन्यांनी पाठवलेली माहिती.

मग एक लाखाची एफडी केली आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. एफडी तारण असते, त्यामुळे स्कोअर नसला तरी अडत नाही. ऐंशी हजारांचं लिमिट मिळालं. किराणा, महावितरणचं बिल, पाइपचा गॅस एवढंच त्यावर टाकलं. महिन्याला वीस हजारांच्या वर जाऊ दिलं नाही आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं होईल अशी सोय केली. सातव्या महिन्यात आकडा दिसला, ७४८. कर्ज अकराव्या महिन्यात झालं. तोपर्यंत ते घर गेलं होतं.

तुमचं कसं झालं ते लिहा. किती महिने लागले, कुठे अडलं, सगळं लिहा. पुढच्या माणसाचं घर जायला नको.

नेरूळ

आम्ही सोळा वर्षं मस्कतला होतो. हे गेले आणि मी मुलीला घेऊन नेरूळला आले. भारतातलं कार्डही यांच्याच नावाचं, माझं त्याच्यावरचं ॲड-ऑन. इतकी वर्षं ते मीच वापरलं, पण त्याची नोंद यांच्या पॅनवर होत राहिली. माझ्या नावावर काहीच नव्हतं.

भावजय बँकेत आहे, तिने सोनेतारण सुचवलं. पाटल्या तारण ठेवून पन्नास हजार घेतले. खरं तर मला पैशांची गरज नव्हती. शाखेतल्या सोनाराने पाटल्या कसाला लावल्या, वजन केलं, पाकिटात घालून लाखेचं सील केलं, आणि पावतीवर कर्जदार म्हणून माझं नाव आलं. सही करताना हात थरथरला. बारा हप्ते दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले. पाटल्या घरी आल्या तेव्हा स्कोअर ७३० च्या पुढे होता. मुलीच्या शैक्षणिक कर्जाला मी सहकर्जदार आहे.

बायकांनो, संसार एकत्र असला तरी एक कार्ड स्वतःच्या पॅनवर असू द्या.

खारघर

माझी चूक सांगतो. सिंगापूरहून आल्यावर एका महिन्यात पाच बँकांकडे कार्डासाठी अर्ज केले. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते. सहावीकडे गेलो तर तिने त्या पाच चौकशाच दाखवल्या. सहा महिने गप्प बसलो, मग एफडीवरच कार्ड घेतलं.

ऐरोली

आधी मोबाइल नंबर बघा. माझा जुना भारतातला नंबर बंद होऊन दुसऱ्याला गेला होता, त्यामुळे रिपोर्ट बघायला ओटीपीच येईना. बँकेत केवायसी करून नवा नंबर दिला, त्याच फेरीत एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) निवासी करून घेतलं. कायमचं परत आल्यावर ते करावंच लागतं.

नौपाडा, ठाणे

मला इतिहास होता, आणि तोच नडला. २०१२ मध्ये जर्मनीला जाताना एक कार्ड बंद करायचं राहून गेलं. वार्षिक फी लागली, तिच्यावर दंड, दंडावर व्याज. पत्रं आमच्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर जात राहिली, आणि ती चाळ तोवर पाडलीही होती. २०२३ मध्ये परत आले तर रिपोर्टवर त्या कार्डासमोर 'रिटन ऑफ', म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, थकबाकी १४ हजारांच्या घरात.

वसुलीवाल्याचा फोन आला, "मॅडम, सहा हजारांत सेटल करून टाका." मोह झाला. भाऊ सीए आहे, तो ओरडलाच. सेटल केलं की रिपोर्टवर 'सेटल्ड' असं राहतं, आणि पुढची बँक त्याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत असाच घेते. मी सगळी रक्कम भरली आणि नो ड्यूजचं पत्र हातात पडेपर्यंत शाखेतून हलले नाही.

तरी रिपोर्ट बदलेना. मग सिबिलच्या साइटवर तक्रार टाकली, पत्र जोडलं. एप्रिल २०२४ पासून नियम आहे: ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे हा. मी तारखा वहीत लिहून ठेवल्या होत्या.

आणखी एक. चारही कंपन्यांचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. चारही काढा. माझं जुनं कार्ड दोन ठिकाणी दुरुस्त झालं होतं आणि दोन ठिकाणी तसंच होतं.

घोडबंदर रोड, ठाणे

नौपाड्याच्या ताई, भरपाई खरंच मिळाली का?

नौपाडा, ठाणे

हो. दुरुस्ती ५३ व्या दिवशी झाली. त्याच आठवड्यात २,३०० रुपये खात्यात आले.