महागाई कमी झाली म्हणजे नक्की काय कमी झालं?

वाकडी वेलांटी
मतदारांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर हातात आहे. प्रचारातले आर्थिक दावे कसे वाचावेत, असा विषय. एका वाक्यापाशी दोन दिवस अडकले आहे. इंग्रजी वाक्याचा मतलब एवढाच की इन्फ्लेशन उतरलं, किमती उतरल्या नाहीत. मी लिहिलं, "महागाई कमी झाली, पण वस्तू स्वस्त झाल्या नाहीत."

मसुदा घरच्या ग्रुपवर टाकला, ही माझी चूक. मामांचा पहिला प्रश्न, "कोणत्या पक्षाने पैसे दिले?" आतेभावाने त्याच वाक्याचा पहिला अर्धा भाग कापला, लाडक्या नेत्याच्या फोटोखाली डकवला आणि पुढे पाठवून मोकळा झाला. रात्री अकरापर्यंत दोघं एकमेकांवर आकडे फेकत होते. गंमत म्हणजे दोघांचेही आकडे बरोबर होते.

तर प्रश्न असा. 'महागाई' म्हणजे वस्तू महाग असण्याची अवस्था, की त्या महाग होत जाण्याचा वेग? मला लहानपणापासून पहिलाच अर्थ ठाऊक. दुसऱ्यासाठी धड शब्द आहे का?

अर्धा टक्का
आहे की. चलनवाढ. नाहीतर सरळ 'महागाईचा दर' म्हणा. 100 रुपयांची वस्तू यंदा 110 झाली, पुढच्या वर्षी 115 रुपये 50 पैसे. आधी 10 टक्के, मग 5 टक्के. मथळा येणार 'महागाई निम्म्यावर', आणि तुमचे साडेपाच रुपये जास्तच जाणार. मामा वस्तूची किंमत बघतात, आतेभाऊ दर बघतो.

आणखी एक. 2016 पासून रिझर्व्ह बँकेला ठरवून दिलेलं लक्ष्यच 4 टक्क्यांचं आहे, वर-खाली 2 टक्के चालतात. शून्याचं नाही. म्हणजे सगळं अगदी सुरळीत चाललं तरी वस्तू दरसाल महागच होणार. हे कुठल्या जाहीरनाम्यात वाचलंय का कोणी?

वाकडी वेलांटी
'चलनवाढ' लिहिलं तर मामा म्हणतील, बघ, नोटा छापल्या म्हणून तूच कबूल केलंस.

मूळपीठ
मामा चुकत नाहीत. चलनवाढ या शब्दातच कारण गृहीत धरलंय, की चलन वाढलं. जुन्या लिखाणात 'चलनफुगवटा' सापडतो, त्यातही तेच. पण पाऊस हुकला किंवा तेल भडकलं म्हणून किमती चढल्या, तर त्याला चलनवाढ म्हणणं म्हणजे तपास व्हायच्या आधीच आरोपी ठरवणं.

'महागाई'कडे वळू. अर्घ म्हणजे मूल्य. महार्घ म्हणजे मोठ्या मूल्याचं, त्यावरून आपलं महाग. उलट बाजूला समर्घ, म्हणजे स्वस्त, आणि त्यावरून सवंग. गुजरातीत ही जोडी अजून सुखाने नांदते, मोंघुं आणि सोंघुं. आपल्याकडे फारकत झाली. महाग बाजारात राहिला आणि सवंग राजकारणात गेला. सवंग घोषणा, सवंग लोकप्रियता. वस्तूला आता कोणी सवंग म्हणत नाही, पुढाऱ्यालाच म्हणतात.

मुद्दा असा की महागाई हे भाववाचक नाम आहे, स्वस्ताईसारखं. "तेव्हा स्वस्ताई होती" म्हणताना आपण अवस्थाच सांगत असतो. स्वस्ताईचा दर कधी ऐकलाय? व्याकरण मामांच्या बाजूने आहे.

अर्धा टक्का
व्याकरण असेल, वापर नाही. गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत महागाई म्हणजे दरच. लोकांना कळतं.

वाकडी वेलांटी
कळतं तर रात्री अकरापर्यंत काय चाललं होतं?

शुद्धोदक
मुळात 'दर' हाच शब्द आपला नाही. फारसी. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला होता? अवस्थेला 'महर्घता' आणि वेगाला 'मूल्यवृद्धिमान' म्हणा. संदिग्धता संपली. शब्द वापरला की रुळतो. सावरकरांचा 'महापौर' नाही रुळला?

उगाच
महापौराला गाडी आणि कार्यालय मिळालं होतं हो, म्हणून रुळला. मूल्यवृद्धिमानाला काय देताय?

बांधावरून
शहरातल्या लोकांची चर्चा वाचतोय. आमच्याकडे 'भाववाढ' झाली की घरात आनंद असतो. कापसाला भाव मिळाला, असं आम्ही म्हणतो. 'मिळाला', जसं बक्षीस मिळतं. तीच गोष्ट टीव्हीवर 'भडका' होते. आग लागल्यागत. तेव्हा महागाई हा घेणाऱ्याचा शब्द आहे, विकणाऱ्याचा नाही. तुमच्या पुस्तिकेत कोणाच्या बाजूने लिहिताय ते आधी ठरवा.

दुसरं. 'भाव पडले' आणि 'भाव पाडले' यात एका कान्याचा फरक. सत्तेत असताना पुढारी म्हणतो पडले. तोच विरोधात गेला की म्हणतो पाडले. आयात सुरू केली, निर्यात बंद केली की आमचा शब्द ठरलेला असतो.

मूळपीठ
वा! हे आधी कसं सुचलं नाही. उमेदवाराचंही तसंच आहे की. 'पडला' आणि 'पाडला'. आपला माणूस हरला तर तो कधीच पडत नाही, त्याला पाडलेला असतो.

बांधावरून
आणि बहुतेक वेळा आपल्याच लोकांनी. पाडापाडी हा शब्द उगाच नाही आला.

तळ्यात मळ्यात
निवडून येणं आणि निवडून आणणं. 'आणणारा' वेगळाच असतो.
उमेदवारावरून आठवलं. माझे वडील एका कारखान्यात 'उमेदवार' म्हणून लागले, असं आजी सांगायची, तेव्हा मला वाटायचं ते निवडणुकीला उभे राहिले होते. मित्रांना सांगूनही टाकलं होतं. हा काय प्रकार?

मूळपीठ
उमेद अधिक वार. आशा धरून बसलेला. पुढे कायम होऊ या आशेवर आधी शिकत राबणारा तो उमेदवार. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याला मराठीत शिकाऊ उमेदवार अधिनियमच म्हणतात. म्हणून 'उमेदवारी करणे' म्हणजे हाताखाली राबणं आणि 'उमेदवारी मिळणे' म्हणजे तिकीट. क्रियापद बदललं की माणूस कारखान्यातून थेट मतपत्रिकेवर.

माझा एक लाडका सिद्धांत आहे, पुरावा मागू नका. निवडणुकीतल्या उमेदवारामधली उमेद झिजली, म्हणून ती जागा भरायला 'इच्छुक' आला. तिकीट मिळेपर्यंत इच्छुक, मिळाल्यावर उमेदवार. इच्छुकांची भाऊगर्दी होते, उमेदवारांची होत नाही. त्यांची फक्त संख्या असते.

उगाच
आणि त्याच्याही आधी 'भावी'. फ्लेक्सवर. भावी, इच्छुक, उमेदवार, अपक्ष. उत्क्रांती.

तळ्यात मळ्यात
काल्पनिक उमेदवार विसरलात. 2018 मध्ये आपल्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढला, त्यात 'नोटा'ला, म्हणजे मतयंत्रावरच्या 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला, काल्पनिक उमेदवार मानायचं ठरलं. सर्वांत जास्त मतं नोटाला पडली तर फेरनिवडणूक. ज्याला कसलीच उमेद नाही तो उमेदवार!

शुद्धोदक
म्हणूनच म्हणतो, परके शब्द घेतले की असे घोळ होतात.

अर्धा टक्का
अहो, बाजार, किंमत, खर्च, जमा, हिशेब, वसुली, नफा हे सगळं काढून टाका आणि मग कोणाशी अर्थव्यवस्थेवर भांडून दाखवा. तुमच्या हातात तूट आणि कर उरतील. तेवढ्यावर फक्त अर्थमंत्र्याचं भाषण होऊ शकतं.

शुद्धोदक
'अर्थसंकल्प' काय वाईट आहे? कोणी बजेट म्हणो, छापताना अर्थसंकल्पच छापतात.

जुना पायंडा
त्याच्याआधी अंदाजपत्रक होतं. फारसी अंदाज, संस्कृत पत्रक, संसार छान चालला होता. मी लेखा विभागात 31 वर्षं काढली, तेव्हा सांगतो, अंदाजपत्रक हा जास्त प्रामाणिक शब्द. अंदाज चुकला तर चुकला. संकल्प पाण्यात सोडतात.

वाकडी वेलांटी
मंडळी, माझं वाक्य?

अर्धा टक्का
"महागाईचा दर घटला." सांगितलं ना.

वाकडी वेलांटी
तेही करून बघितलं. शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे दर घटले ना? मग स्वस्त झालं." मराठीत दर म्हणजे भावही. कापसाचा दर, सोन्याचा दर. इथे एक संदिग्ध शब्द सोडवायला दुसरा संदिग्ध शब्द आणल्यासारखं झालं.

अर्धा टक्का
हं. हे खरंय. वर्गात शिकवताना मी फळ्यावर आलेख काढतो, त्यामुळे हे कधी जाणवलंच नाही. मग टक्क्यात सांगा. "10 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली."

जुना पायंडा
टक्क्याचं नाव काढू नका. 2019 च्या विधानसभेला राज्यात साधारण 61 टक्के मतदान झालं, 2024 ला साधारण 66. सगळे म्हणाले, 'मतदानाचा टक्का 5 टक्क्यांनी वाढला'. आता 61 वर 5 म्हणजे वाढ 8 टक्क्यांच्या आसपास झाली. टक्क्यांमधला फरक आणि टक्केवारीतली वाढ यांना आपण एकाच शब्दात कोंबतो. आणि 'टक्केवारी' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे ठेकेदार उभा राहतो, ते वेगळंच.

उगाच
मराठी टक्का, मतांचा टक्का, ठेकेदाराचा टक्का. तिन्ही घसरले असं कधी ऐकलं नाही. एक तरी वाढतोच.

अर्धा टक्का
एक मात्र आपल्या बाजूने. रिझर्व्ह बँक रेपो, म्हणजे बँकांना कर्ज देतानाचा आपला व्याजदर, 25 बेसिस पॉइंटनी उतरवते, तेव्हा काही ठिकाणी '25 आधारांकांनी' लिहितात. कशाला? पाव टक्का! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा अशी नाणी आपल्या भाषेच्या खिशात आयती असताना उसनवारी कसली.

शुद्धोदक
'आयती' नव्हे, 'सिद्ध'.

बांधावरून
ताई, मी साधं सांगू का? आमच्या आईला विचारलं. इन्फ्लेशन वगैरे काही न सांगता. ती म्हणाली, "महागाई तीच आहे, चढायची दमली."

वाकडी वेलांटी
आईंना नमस्कार सांगा. पण हे पुस्तिकेत घातलं तर समन्वयक बाई मला पुन्हा काम देणार नाहीत. उद्या सकाळी मसुदा द्यायचाय. सध्या असं ठेवलंय, "किमती वाढतच आहेत, पण पूर्वीपेक्षा सावकाश." 'महागाई' हा शब्दच काढून टाकला. मामांना आणि आतेभावाला वेगवेगळं पाठवून पाहिलं. मामा म्हणाले, "पहिला अर्धा भाग बरोबर." आतेभाऊ म्हणाला, "दुसरा."

मूळपीठ
शब्द काढून टाकणं हे उत्तर नव्हे. 'चढती महागाई' आणि 'ठाण मांडलेली महागाई' असे दोन करता येतील, वेळ मिळाला की सविस्तर लिहितो. त्याआधी अनामतीचं राहून जाईल. डिपॉझिट जप्त म्हणतो तिथे जुनं 'अनामत जप्त' आहे. मूळ अरबी अमानत, मराठीत म आणि न यांनी जागा बदलल्या. विश्वासाने ठेवलेली ठेव असा त्याचा अर्थ. विधानसभेला 10 हजार, लोकसभेला 25 हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापुढे गेला नाहीत की गेली.

शुद्धोदक
त्याला 'न्यास' म्हणावं.

जुना पायंडा
न्यास म्हणजे ट्रस्ट हो. न्यास जप्त झाला तर देवस्थानचे विश्वस्त धावत येतील.

शुद्धोदक
मग 'निक्षेप'.

तळ्यात मळ्यात
नुसतं डिपॉझिट नाही, 'डिपॉझिट गुल' म्हणतात आमच्याकडे. हे गुल फुलातलं की बत्ती गुल मधलं? की दोन्ही एकच?