पिढ्यांच्या कादंबऱ्या वाड्यातच का अडकतात?

मांजराकाठ (बीड):
तीन-चार पिढ्यांच्या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला आहे. आजोबा मिळवतो, मुलगा राखतो, नातू घालवतो. शेवटी भावकीचं भांडण आणि पडका वाडा. थॉमस मानच्या 'बुडेनब्रोक्स'मध्येही (१९०१) धान्य व्यापाऱ्यांच्या चार पिढ्या अशाच उतरणीला लागतात. पण ज्यांच्याकडं घालवायला काही नव्हतंच, त्यांच्या पिढ्या कुठायत? आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजतात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, दिवाळीच्या आगंमागं बिऱ्हाड हलवायचं, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं गावात. मधली पिढी पाच-सहा महिने घरातच नाही! पोरगा हाताशी आला की जोडी लागावी म्हणून त्याचं लगीन उरकतात. या घराला चढ-उताराचा साचा बसणारच नाही.

नांदेडचा वाचक:
मला नाही पटत. तो साचा म्हणजे वाटण्यांचा हिशेब आहे. आजोबाची तीस एकर, तीन मुलांना दहा-दहा, नातवांच्या वाट्याला तीन-साडेतीन. कुणी उधळलं नाही तरी घर खालीच येणार. त्यात १९४८ला निजामाची राजवट गेली, १९५०चा कूळकायदा आला, १९७२चा दुष्काळ पडला. हा उतार लेखकांनी मनानं रचलेला नाही.

थोरली लेक (परभणी):
दोघंही बापाकडून नातवाकडंच मोजताय. त्याच 'बुडेनब्रोक्स'मध्ये चौथ्या पिढीतला छोटा हानो घराण्याच्या वहीत आपल्या नावाखाली दुहेरी रेघ ओढतो. आता पुढं काही नाही, असं वाटून. तो मरतो, पण त्याची आत्या टोनी शेवटपर्यंत आहे. आपल्या वंशावळीत आत्याचं नाव तरी असतं का? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला. तरी भाऊ गाडी करून तालुक्याला नेतो, हक्कसोडपत्रावर सही होते, येताना साडी घेतली जाते. माहेर तुटू नये म्हणून बाई गप्प बसते. त्या सहीवर एक अख्खं प्रकरण लिहिलेलं मला वाचायचंय.

मांजराकाठ (बीड):
ताई, अगदी खरं. भाऊ, तुमचा हिशेब मात्र तीस एकरापासून सुरू होतो. माझी कादंबरी आजी आणि नातवापासून सुरू होईल. आई-बाप गुढीपाडव्याच्या सुमारास येतील, पोरगं आधी आजीमागं लपेल. कुटुंब म्हणजे काय, हे तिथं नव्यानं सांगावं लागेल.

नांदेडचा वाचक:
जरूर लिहा दादा. पण ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी घरांकडं कोरडवाहू तुकडा असतो. तो एवढासा कसा झाला हे सांगायचं, तर तुम्हालाही आजोबापर्यंत मागं जावंच लागेल.