मदत हवी आहे: डोंबिवलीहून घोडबंदर रोडच्या कॉलेजला बसने कसं जायचं?

अबोली_पूर्व

नमस्कार मंडळी. लेकीला कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) तिसऱ्या राउंडला कासारवडवलीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात सीट मिळाली. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. लोकलचं मला कुणी काही शिकवायला नको, बावीस वर्षं धक्के खातेय. पण ठाण्याला स्टेशनाबाहेर पडून बस पकडायची म्हटलं की मी अडाणी.

माहितीपत्रकात 'ठाणे स्टेशनपासून जवळ' असं छापलंय. प्रवेशाच्या दिवशी रिक्षाने गेलो, तेव्हा त्या 'जवळ'चा अर्थ कळला. मीटरकडे बघायचं मी माजिवड्यानंतर सोडून दिलं. रोज रिक्षा परवडणार नाही आणि स्कूटी मी देणार नाही. त्या रस्त्यावर ट्रेलर ज्या अंगाने जातात ते पाहिलंय. तर बसच.

म्हणून शनिवारी दोघी तालीम करायला निघालो. सॅटिसवर, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या उंच बस डेकवर चढलो, घोडबंदरकडची बस मिळाली, बसायलाही मिळालं. कंडक्टरला मी कॉलेजचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "कुठला नाका?" मला नाका माहीत असता तर कशाला! लेकीने मोबाइल काढून नकाशा लावला आणि वाघबीळचं तिकीट मागितलं. उतरल्यावर कळलं की कॉलेज अजून बरंच पुढे आहे. उन्हात मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेकडेने पंधरा मिनिटं चाललो आणि शेवटी रिक्षाच केली. येतानाची गंमत वेगळी. स्टॉप समोर दिसतोय, पण मध्ये एवढा मोठा रस्ता. एक मुलगा दुभाजकावरून उडी मारून गेला आणि आमच्या बाईसाहेब म्हणतात, "आई, चल ना."

चूक आमचीच होती, कुणाबद्दल तक्रार नाही. पण पुढच्या सोमवारपासून ती एकटी जाणार आहे. नऊचं लेक्चर आहे आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा धाक प्रवेशाच्याच दिवशी घातलाय. बसवरची कुठली पाटी बघायची, तिकीट कुठलं मागायचं, घरून किती वाजता निघायचं? आणि पासचं काय करायचं? रोज जाणाऱ्यांनी सांगा.

घोडबंदरकर

ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कंडक्टरनेच दिलंय. या रस्त्यावर नाका हाच पत्ता. कॉलेज, मॉल, टॉवर यांची नावं कंडक्टरला विचारायचीच नाहीत, दर दोन वर्षांनी नवीन येतात. क्रम लेकीकडून पाठ करून घ्या: माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली. त्यापुढे ओवळा आणि मग गायमुख. मध्ये बारके स्टॉप आहेत, ते सोडा. वाघबीळ गेलं की बॅग खांद्याला आणि आनंदनगर आलं की दाराशी. ओवळा दिसलं तर तुम्ही पुढे आलात.

आता पाटी. गायमुखची बस चालेल. घोडबंदरमार्गे बोरीवली, मीरा रोड किंवा भाईंदरला जाणारीही चालेल, कारण या सगळ्यांना कासारवडवलीवरूनच जावं लागतं. कोलशेत, ढोकाळी, ब्रह्मांड, वसंतविहार या पाट्या दिसल्या तर चढायचं नाही, त्या अलीकडेच वळतात. एखादी बस वाघबीळ किंवा हिरानंदानी इस्टेटपर्यंतचीच असते, तीही सोडा. घाईत 'घोडबंदर रोड ना?' असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, आणि खोटं कुणीच बोलत नसतं. 'कासारवडवली जाणार का?' एवढंच विचारायचं.

सॅटिसचा_कठडा

+१. शिवाय एक चांगली बातमी. सकाळी सगळं घोडबंदर स्टेशनकडे येत असतं आणि तुमची मुलगी उलटी जाणार. भरून आलेली बस सॅटिसवर रिकामी होते आणि तीच परत जाते. त्यामुळे बसायला बहुतेक मिळेल. संध्याकाळीही तसंच, लोक घरी म्हणून घोडबंदरला चाललेले असतात आणि ही ठाण्याकडे येणार. खरी परीक्षा डोंबिवली ते ठाणे आहे, आणि त्यात तुम्ही गुरू आहात.

ठाण्याला उतरल्यावर खाली रस्त्यावर येऊ नका. पुलावरून पश्चिमेला, तसंच थेट सॅटिसवर. खाली उतरलं की रिक्षावाले, फळवाले आणि पुन्हा जिना.

रात्रपाळी

वेळेचं मी सांगतो, अकरा वर्षं याच रस्त्यावर नोकरी केली. स्टेशन ते कासारवडवली साधारण दहा-बारा किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर चाळीस मिनिटं धरा, पण मोकळा असेल असं धरू नका. जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारी जड वाहनं याच रस्त्याने जातात. गर्दीच्या वेळी त्यांना बंदी घालतात, मग बंदी उठली की सगळी एकदम सुटतात. पावसाळ्यात गायमुख घाटात एक ट्रेलर बंद पडला की शेपूट मागे कुठवर येईल याचा नेम नाही. नऊच्या लेक्चरला साडेसातला बसमध्ये बसलेली असू दे. म्हणजे डोंबिवलीहून पावणेसातच्या आसपासची लोकल. लवकर पोचली तर कँटीनमध्ये चहा पिईल.

खाडीपलीकडे

माणकोली पूल झालाय की आता! डोंबिवली पश्चिमेहून मोठागाव, पूल, नाशिक हायवे आणि थेट माजिवडा. ठाणे स्टेशनला जाताच कशाला?

रात्रपाळी

स्वतःची गाडी असेल तर उत्तम. ताई बसचं विचारतायत आणि राहतात पूर्वेला. आधी पूल ओलांडून पश्चिमेला, मग मोठागाव, मग बस मिळेल या आशेवर उभं राहायचं. त्यापेक्षा लोकल बरी.

खाडीपलीकडे

बरं बाबा. मेट्रो सुरू होईपर्यंत लोकलच. गायमुख ते विजय गार्डन चाचणी झाली होती सप्टेंबर २०२५ मध्ये, तेव्हा आमच्या सोसायटीने पेढे वाटले होते. आमचे पेढे लवकर वाटून होतात.

पासधारक

पास दोन काढायचे, रेल्वेचा वेगळा आणि बसचा वेगळा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून मिळतो, डोंबिवली ते ठाणे असा भरून घ्यायचा. महिन्यापेक्षा तीन महिन्यांचा काढा, दर महिन्याला त्या खिडकीशी उभं राहणं वाचतं. बसच्या पाससाठी बोनाफाईड (कॉलेजचा विद्यार्थी असल्याचा दाखला) आणि फोटो तयार ठेवा. बोनाफाईड एकदाच मागायला जा आणि दोन-तीन प्रती घ्या. पहिल्या महिन्यात ऑफिसात जत्रा असते.

घोडबंदरकर

रस्ता ओलांडण्याचं राहिलं. परतीचा स्टॉप पलीकडच्या बाजूला आहे हे खरं, पण दुभाजकावरून उडी अजिबात नाही. मेट्रोच्या खांबांमागून येणारी दुचाकी दिसत नाही. नाक्यापर्यंत चालत जायचं आणि तिथे चार माणसं ओलांडत असतील त्यांच्याबरोबर ओलांडायचं. पाच मिनिटं जास्त जातील. हे तुम्ही सांगितलं तर ऐकणार नाही, तिच्या वर्गातली एखादी कासारवडवलीची मुलगी शोधा, ती सांगेल.

अबोली_पूर्व

सगळ्यांचे आभार. नाक्यांचा क्रम फ्रिजवर चिकटवलाय, आमचे सासरेही आता येताजाता म्हणतात, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ.

आज पहिला दिवस झाला. ६:४८ ची लोकल, सॅटिसवर गायमुखची पाटी, खिडकीची सीट. ८:२० ला मेसेज आला: "पोचले. गेट बंद आहे." येताना वर्गातल्या दोघी सोबत होत्या, नाक्यावरूनच आल्या म्हणे. बोनाफाईडची रांग जिन्यापर्यंत होती, उद्या डबा घेऊन उभी राहणार आहे.