मदत हवी आहे : बेटावर अडकलेल्या सैनिकांविषयी मराठीत काय वाचता येईल?

परवा लेकीबरोबर 'काँग: स्कल आयलंड' (२०१७) पुन्हा पाहिला. राक्षसी प्राण्यांपेक्षा तिच्या मनात घर करून बसला तो हँक मार्लो. १९४४ मध्ये विमान पडून बेटावर अडकलेला अमेरिकी वैमानिक, थेट १९७३ मध्ये सापडतो. शेवटी तो घरी पोचतो, बायको दार उघडते, कधीच न पाहिलेला मुलगा समोर उभा असतो. तिथे आम्ही दोघीही रडलो.

मग तिने विचारलं, "आई, असं खरंच कुणाचं झालंय?"

मी तिला शोइची योकोईची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धातला हा जपानी सैनिक प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटाच्या जंगलात जवळपास २८ वर्षं लपून राहिला आणि जानेवारी १९७२ मध्ये सापडला. मूळचा शिंपी, म्हणून झाडाच्या सालीचे धागे काढून त्याने अंगावरचे कपडे स्वतः विणले! राहायला जमिनीखाली खणलेलं बीळ. फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावर असाच लपलेला दुसरा जपानी सैनिक हिरू ओनोदा तर १९७४ मध्ये जुन्या वरिष्ठाने येऊन हुकूम दिल्यावरच शरण आला.

पण हे दोघे भूदलातले. तिला शाळेत यावर बोलायचंय आणि वैमानिकच हवाय. विमान पडल्यावर बेटावर किंवा जंगलात तग धरून राहिलेल्या वैमानिकाची खरी हकीकत कुणाला माहीत आहे का? काही महिन्यांची असली तरी चालेल. बारा वर्षांच्या मुलीला झेपेल असं मराठी पुस्तक किंवा जुना दिवाळी अंकातला लेख असेल तर कृपया नक्की सुचवा.